ऊबदार हवं, पण जड नको

३ जानेवारी, रविवार

आठ महिन्यांनी वही उघडली. शेवटची नोंद दुकान बंद झालं त्या दिवसाची आहे. "मालकांनी शटर ओढलं, मी कुलूप लावलं, किल्ली त्यांच्या हातात दिली." पुढची पानं कोरी. कोरीच राहणार. घरी बसलेल्या नवऱ्याच्या आयुष्यात घडतं काय? सकाळी बायको शिवणाच्या कारखान्यात जाते, संध्याकाळी येते, आणि मधल्या वेळात मी भिंतीला कंटाळतो, भिंत मला कंटाळते.

आज मात्र लिहायलाच हवं. उद्या मुलाखत आहे. चौकातल्या त्या पाच मजली दुकानात, जिथे सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळतं आणि जिथे मी हट्टाने आजवर पाऊल टाकलेलं नाही. आमचं कापडाचं दुकान ज्याने गिळलं त्याच्याच पोटात नोकरी मागायला जायचं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात ते खरं आहे.

संध्याकाळी मेहुणा येऊन गेला. सोफ्यावर असा पसरून बसला की मला कडेला बसावं लागलं. म्हणाला, "दाजी, टेन्शन घेऊ नका. नाहीच जमलं तर माझं गोदाम आहे. दारात बसायला भरवशाचा माणूस हवाच होता. खुर्ची देतो, पंखा देतो, अजून काय पाहिजे?"

बायको म्हणाली, "दादा मनापासून म्हणतोय हो."

मनापासूनच म्हणतोय, तेच तर दुखतं. याच्या लग्नाच्या सुटाचं कापड मी निवडून दिलं. तेव्हा याला गॅबर्डिन आणि गोणपाट यांतला फरक कळत नव्हता. आता याच्या दारात मी राखण करत बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी विचारायचं, शेठ आहेत का? बायकोने परस्पर ठरवून टाकलंय, या महिन्यात कुठे चिकटलो नाही तर एक तारखेपासून गोदाम. मी हो म्हटलं नाही, पण नाही म्हणायला तोंडही नव्हतं.

४ जानेवारी, सोमवार

मुलाखत झाली. घेणारी मॅडम माझ्या भाचीच्या वयाची. समोर संगणक, त्यामुळे ती माझ्याकडे बघत नव्हती, मीच तिच्याकडे बघत होतो.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी एक्कावन्न वर्षांचा. म्हणालो, "उभा असेन एवढं बघा." ती हसली नाही. टाइप केलं.

"ग्राहकाने अपमान केला तर काय कराल?"

"मॅडम, सव्वीस वर्षं मालकाने केला, ग्राहकाचं काय घेऊन बसलात?" तेही टाइप केलं.

मग तिने चार कापडांचे तुकडे समोर टाकले. मी डोळे मिटले, बोटांत धरून सांगितलं, हे सुती, हे सुतात भेसळ, हे नुसतंच प्लास्टिक आणि हे चांगलं आहे पण धुतलं की आक्रसणार. तेव्हा मात्र तिने पहिल्यांदा वर पाहिलं. हातच्या कंकणाला आरसा कशाला.

तरी नोकरी हातात दिली नाहीच. तिघांना निवडलंय, जागा एक. बुधवारपासून सहा दिवस पांघरुणं, चादरी आणि पडद्यांच्या विभागात चाचणी. छातीवर 'उमेदवार' अशी पांढरी पट्टी लावायची. पगार नाही, कारण हाही मुलाखतीचाच भाग. आणि खरी गोम पुढेच आहे. मॅडम म्हणाल्या, "ग्राहकांमध्ये आमचे परीक्षक असतील. साध्या ग्राहकासारखे येतील. तुम्हाला ओळखू येणार नाहीत."

मी मनात म्हटलं, बाई, सव्वीस वर्षं मी माणूस पायरी चढताना ओळखत आलोय, घेणार आहे की नुसता वारा खायला आलाय. तुमचे परीक्षक काय ओळखू येणार नाहीत?

६ जानेवारी, बुधवार

पहिला दिवस. पाय सुजलेत. इथे बसायला बंदी आहे, टेकायलाही.

बाकीचे दोघे उमेदवार बघून घेतले. एक निवृत्त कंडक्टर. गिऱ्हाईक दिसलं की "पुढे सरका, पुढे सरका" म्हणतो आणि जीभ चावतो. याची काळजी नाही. दुसरी पस्तिशीची बाई, औषधांच्या दुकानात दहा वर्षं होती. बोलणं गोड, हात चपळ. ही धोक्याची. मला 'काका' म्हणते. स्पर्धेत उतरायचं आणि वर नातं जोडायचं.

फ्लोअर मॅनेजर हा एक सडसडीत माणूस आहे. बोलताना आपल्याकडे न बघता आपल्यामागच्या मांडणीकडे बघतो.

अकराच्या सुमारास एक म्हाताऱ्या बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, नीटनेटक्या. म्हणाल्या, "पांघरूण दाखवा हो. ऊबदार हवं, पण जड नको. ह्यांना जड सोसत नाही." मी चौदा पांघरुणं उलगडली. त्यांनी प्रत्येकावर हात फिरवला, गालाला लावून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "ह्यांना विचारून येते. बाहेर उभे आहेत." गेल्या त्या गेल्याच. मी चौदाच्या चौदा घड्या घालत बसलो. असली गिऱ्हाइकं आमच्याकडेही यायची, मालक त्यांना 'घडीमोड' म्हणायचे.

७ जानेवारी, गुरुवार

सापडली!

आज अकराला त्याच बाई पुन्हा आल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि जणू मला कधी पाहिलंच नाही अशा म्हणाल्या, "पांघरूण दाखवा हो. ऊबदार हवं, पण जड नको. ह्यांना जड सोसत नाही." शब्दाला शब्द. 'हो' वरचा हेलसुद्धा कालचाच. आपण माणसं बोलतो तेव्हा दोनदा एकच गोष्ट कधी सारखी बोलत नाही. हे लिहून दिलेलं, पाठ केलेलं बोलणं आहे!

मग मी नीट निरखलं. स्वेटर उलटा घातलेला, शिवण बाहेर. कापडवाल्याच्या नजरेतून शिवण सुटत नाही. मुद्दाम गबाळा वेष केलाय. आणि स्वेटरच्या आतल्या बाजूला पिनेने एक कागद टोचलाय, त्यावर नंबर. मी बघतोय हे लक्षात येताच त्यांनी त्यावर हात ठेवला. ओळखपत्रच ते, दुसरं काय असणार?

शेवट तोच. "ह्यांना विचारून येते. बाहेर उभे आहेत." मी खिडकीतून डोकावलो, बाहेर कोणी नव्हतं. म्हणजे तेही खोटं.

परीक्षा कशाची हे माझ्या ध्यानात आलंय. संयमाची. रोज तोच प्रश्न विचारायचा आणि उमेदवार कधी वैतागतो ते बघायचं. मी वैतागणार नाही. मी एक हजार पांघरुणं उलगडीन.

कंडक्टर त्यांच्या वाऱ्यालाही उभा राहिला नाही. बरंच झालं.

८ जानेवारी, शुक्रवार

आज परीक्षक बाईंची चोख व्यवस्था ठेवली. पडद्यांच्या विभागातून खुर्ची उचलून आणली, बसवलं, उमेदवारांना दुपारचा एकच चहा मिळतो तो आधीच मागून घेऊन त्यांना दिला. म्हटलं, "आणि ते बाहेर उभे आहेत ना, त्यांनाही आत बोलवा. थंडी आहे." त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद आला की वाटलं, बाई नाटकात असत्या तर नाव काढलं असतं.

पांघरुणं बघता बघता म्हणाल्या, "तुमच्या हाताला कापडाची माया आहे हो. घडी घालता तेव्हा दिसतं." आता हे लिहायला संकोच वाटतो, पण सव्वीस वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मालक म्हणाले नाहीत, बायको तर नाहीच. परीक्षक असल्या म्हणून काय, बोलल्या ते खरंच बोलल्या असणार. खोकल्यासारखं केलं.

त्या गेल्यावर औषधवाली जवळ आली. "काका, या आजींना बरं नाहीये. स्वेटरला घरचा फोन नंबर लावलाय त्यांच्या. आपण फोन करायचा का?"

बघा कशी आहे! तिलाही कळलंय बाई कोण ते, आणि आता मधे तोंड घालून मार्क लाटायचेत. मी म्हणालो, "ताई, त्या माझ्या ग्राहक आहेत. तुम्ही उशांकडे बघा." तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच बरं नाहीये.

९ जानेवारी, शनिवार

शनिवारची गर्दी. बाई अकराला आल्या. मी बाराव्या पांघरुणावर होतो तेव्हा एक गृहस्थ मधेच आले. टाचा झिजलेल्या चपला, हातात पिशवी. उशीचे अभ्रे कुठे आहेत म्हणाले. मी म्हणालो, "दिसत नाही का, मी ग्राहकाबरोबर आहे? त्या तिकडे शोधा, सापडतील." ते "बरं" म्हणून गेले. अशा लोकांना वेळ दिला तर कामाच्या माणसाचं काय होणार?

आज खरी गंमत पुढे झाली. बाई जायला निघाल्या तर औषधवाली त्यांच्या मागोमाग. हाताला धरून सरकत्या जिन्यावरून खाली घेऊन गेली. पंचवीस मिनिटं औषधवाली गायब. परत आली तेव्हा मॅनेजर तिच्या जागेवर उभा होता.

"आजींना घरी सोडून आले सर. त्या जिन्यावर डगमगत होत्या."

"तुमची जागा कुठली?"

"सर, पाच मिनिटांवर घर आहे. त्यांचा मुलगा कामाला जातो, दिवसभर घरी कुणी..."

"मी विचारलं, तुमची जागा कुठली?"

तिने पट्टी काढून काउंटरवर ठेवली. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाली, "काका, त्यांना जिन्यावर एकटं सोडू नका." मी मान डोलावली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. एक बाद, उरलो दोन, आणि दुसरा कंडक्टर. आज बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. बायकोला म्हटलं, दादाला सांग, गोदामासाठी दुसरा माणूस बघ.

११ जानेवारी, सोमवार

हे लिहितोय ते रागाने.

दुपारी जेवणाच्या खोलीत गेलो तर सगळे गप्प झाले. मग कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं. कंडक्टर माझ्याकडे न बघता डबा खात होता. दारावरचा सुरक्षारक्षक भला माणूस, त्याला मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "साहेब, रागावू नका. पोरं पैज लावून होती. तुम्ही त्या आजींना परीक्षक समजताय. तसं नाही, हे तुम्हाला कधी कळेल यावर."

"मग त्या कोण?"

"अहो, त्या रोजच्याच आहेत. दोन वर्षं येतायत. नवरा जाऊन चार वर्षं झाली, ह्यांच्यासाठी पांघरूण घ्यायचं एवढंच डोक्यात राहिलंय. बाकी पाटी कोरी. पण येतात कशा, जातात कशा बघा. पुढच्या दारातून सरळ गेलं की घर. पायांना तेवढा एक रस्ता पाठ आहे."

सगळ्या दुकानाला ठाऊक होतं. चहा देताना, खुर्ची मांडताना, "त्यांनाही आत बोलवा" म्हणताना, प्रत्येक वेळी कुठल्यातरी मांडणीआड कोणीतरी हसत होतं. मॅनेजरसुद्धा.

संध्याकाळी त्याने बोलावलं. "परीक्षकांचा अहवाल आला. तुम्ही त्यांना अभ्रे स्वतः शोधा म्हणालात." झिजलेल्या चपला! मला माणूस पायरी चढताना ओळखता येतो ना! "रोज चाळीस मिनिटं तुम्ही काही न घेणाऱ्या बाईवर घालवता. तुमच्यापेक्षा तो दुसरा गृहस्थ बरा, निदान गर्दी पुढे सरकवतो. उद्या शेवटचा दिवस आहे. बघा."

घरी आलो तर बायकोने शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. म्हणाली, "दादाला सांगितलं मी. तो म्हणाला, मानलं दाजींना." मी शर्ट खुंटीला लावला.

१२ जानेवारी, मंगळवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अकराला त्या आल्या. आज तर माझ्याकडे बघून हसल्या, त्यांच्या डोक्यात काहीतरी राहत असणार. "पांघरूण दाखवा हो. ऊबदार हवं..." मागे दोन पोरी तोंडावर हात धरून उभ्या. मॅनेजर मांडणीच्या टोकाशी.

मी म्हणालो, "नाही दाखवत."

"पण जड नको. ह्यांना..."

"बाई, तुम्हाला घ्यायचंय काय? एक तरी घेतलंत आजवर? आमच्या पोटावर पाय देऊन तुम्हाला काय मिळतं?" माझा आवाज चढला होता. लोक बघायला लागले. त्या खुर्ची शोधत होत्या, रोज असते तिथे. खुर्ची मी सकाळीच परत ठेवली होती.

म्हणाल्या, "मग ह्यांना विचारून येते. बाहेर उभे..."

"बाहेर कोणी उभं नाही. ते मेलेत. चार वर्षं झाली."

असं मी म्हणालो. त्यांचा चेहरा आत्ताच कोणी निरोप आणून द्यावा तसा झाला. त्यांना दर वेळी नव्यानेच कळत असणार. एवढं होऊनही त्या हलेनात. माझ्या बाहीला धरलं. "असं कसं हो? आत्ता तर बोलले माझ्याशी."

पुढच्या दाराने नेलं असतं तर सरकता जिना, म्हणजे सगळ्या दुकानादेखत वरात. आणि पुन्हा वर आल्या असत्या. म्हणून मी त्यांना दंडाला धरून मागे नेलं, मालाच्या लिफ्टने खाली, ट्रक लागतात त्या आवारात. त्या लिफ्टमधून ग्राहकाला नेणं मना आहे, पण कोणी बघितलं नाही. लोखंडी दाराबाहेर उभं केलं. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. म्हणाल्या, "हे इथे नसतात." मी म्हणालो, "शोधा." आणि दार लावलं.

पायांना एकच रस्ता पाठ आहे असं सुरक्षारक्षक म्हणाला होता. ते मला तेव्हा आठवलं नाही. आठवलं होतं. आठवलं होतं, पण वर जायची घाई होती.

साडेपाचला मॅनेजरने बोलावलं. पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "आज तुम्ही दुकानाचा विचार केलात. आम्ही दोन वर्षं ते कुणाला तरी करायला सांगत होतो." हात पुढे केला. झाली निवड. कंडक्टरने पट्टी काढून दिली आणि मला म्हणाला, "तुमचंच नशीब. मला नसतं जमलं हो."

बायको रडली आनंदाने.

१३ जानेवारी, बुधवार

गणवेश मिळाला. निळा शर्ट, त्यात सुतात भेसळ आहे. छातीवर माझं नाव.

दुकान उघडून अर्धा तास झाला नसेल, एक माणूस धावत आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. हातात म्हाताऱ्या बाईंचा फोटो.

"माझी आई. काल इथे आली होती ना? घरी आली नाही. रात्रभर शोधतोय. कोणी बघितलं का तिला जाताना?"

मॅनेजर माझ्याकडे वळला. "हे होते विभागात."

"कुठल्या दाराने गेली? एवढंच सांगा. त्या बाजूने शोधतो."

मी म्हणालो, "पुढच्या दाराने."

"नक्की?"

"नक्की. मीच सोडलं जिन्यापर्यंत."

"कॅमेऱ्यात बघता येईल का?"

मॅनेजर म्हणाला, "मुख्य कार्यालयाची परवानगी लागते. अर्ज द्या, दोन दिवसांत कळवू." तो माणूस माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "उपकार झाले." आणि पुढच्या दाराने बाजाराकडे धावत गेला.

मी काय करायला हवं होतं? मालाच्या लिफ्टने नेलं म्हणालो असतो तर पहिल्याच दिवशी निळा शर्ट उतरवून परत द्यावा लागला असता. घरी काय सांगणार होतो? दुपारपर्यंत त्या सापडतीलच. म्हातारं माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे.

१४ जानेवारी, गुरुवार

सापडल्या. सुरक्षारक्षकाने सांगितलं. मागच्या आवारापलीकडे ट्रकवाले रिकामी खोकी टाकतात, तिथे भिंतीला टेकून बसल्या होत्या. आज पहाटे एका ड्रायव्हरला दिसल्या. दोन रात्री. जिवंत आहेत. हॉस्पिटलात आहेत.

आधी हायसं वाटलं. मग दुसरंच मनात आलं. शुद्धीवर येऊन बोलल्या तर? मला ओळखून दाखवलं तर?

काल सकाळी मी एक शब्द खरा बोललो असतो तर त्या काल सकाळीच सापडल्या असत्या. दुसरी रात्र त्यांना काढावी लागली नसती. हे इथे लिहितोय, कारण ही वही कोणी वाचत नाही.

१६ जानेवारी, शनिवार

मेहुणा जेवायला आला होता. मला मिठी मारली. आज स्वतः कडेला सरकून बसला. "दाजी, त्या दुकानात आमच्या ओळखीच्या कुणाचा टिकाव लागला नाही. तुम्ही काय जादू केलीत?" बायको वाढता वाढता म्हणाली, "यांचा स्वभावच तसा आहे. कुणाशीही गोड बोलतात."

पाणी प्यायलो.

१८ जानेवारी, सोमवार

चारच्या सुमारास तो मुलगा पुन्हा आला. मी त्याला लांबूनच पाहिलं. वाटलं, आता आलं.

पण तो शांत होता. थकलेला. म्हणाला, "तुम्हीच दार सांगितलं होतंत ना? तुमचा काही दोष नाही, ती मधेच कुठेतरी वळली असणार. मला दुसरंच विचारायचंय. इथे पांघरुणाच्या विभागात कोणी गृहस्थ होते का, छातीवर पांढरी पट्टी लावलेले? आई घरी रोज त्यांच्याबद्दल सांगायची. तिला कालचं आठवत नाही, पण ते आठवायचे."

मी विचारलं, "काय सांगायच्या?"

"खुर्ची देतात म्हणायची. चहा देतात. बाबांनाही आत बोलवा म्हणाले म्हणायची. बाबा गेल्यावर त्यांच्याबद्दल असं कोणीच बोललं नव्हतं तिच्याशी. मीसुद्धा नाही. मी दर वेळी तिला खरं सांगत बसायचो." त्याने डोळे पुसले. "डॉक्टर आज-उद्या म्हणतायत. मला ओळखत नाही ती. पण सारखं विचारते, ते पांघरूणवाले भाऊ आले का? ते पाच मिनिटं आले तर बरं होईल. हॉस्पिटल लांब नाही. मी नेतो, मी परत आणून सोडतो."

मंगळवारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी जे बोललो ते नाही, लिफ्ट नाही, दार नाही. मला भीती वाटण्यासारखं जगात काही उरलं नव्हतं. तो मीच, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. माझे ओठ हललेही असतील.

आणि मी म्हणालो, "ते उमेदवार होते. त्यांची निवड झाली नाही."

"पत्ता, फोन काही?"

"निवड न झालेल्यांचं आम्ही काही ठेवत नाही."

त्याने एका पांघरुणावर हात फिरवला. म्हणाला, "वाटलंच मला. असल्या माणसाला कोण ठेवतंय हो नोकरीवर."

मी म्हणालो, "खरं आहे."

तो गेला. मागून एका बाईंनी विचारलं, खिडकीच्या मापाचे पडदे शिवून मिळतात का? मी वळलो, हसलो आणि टेप काढली.